न लपणारा हेर

लपून खेळायचा खेळ न लपता पुरा करण्याचा विडा उचललेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नागपुरात हुडकेश्वरला राहतो. तो माझा व्याही आहे. मुलीचा बाप या नात्याने मी त्यांच्याविषयी आजवर चांगलंच बोलत आलो. आताही चांगलंच बोलणार आहे, फरक इतकाच की या वेळी खरं बोलणार आहे.

ज्यांच्या घरात असले खेळ शिरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हा एक व्हिडिओ गेम आहे, जुन्या काळातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या राज्यात घडणारा. आपण हेर व्हायचं आणि राजवाड्यातला निरोप किल्ल्याबाहेर पोचवायचा. त्यासाठी गवतात दबून बसायचं, छपरांवरून सरकायचं, पहारेकऱ्याची पाठ वळली की निसटायचं. पहिल्या भागात कुणी पाहिलंच तर तलवार उपसून मोकळं होता येत असे. दुसरा भाग आला आणि बनवणाऱ्यांनी हेराची तलवार पार बोथट करून टाकली. वर पहारेकऱ्यांना तीक्ष्ण नजर आणि आठवण दिली. काल या बोळात कुणीतरी दिसला होता हे आता त्यांच्या लक्षात राहतं. दिसलात की संपलात. यावरून खेळणाऱ्यांत दोन तट पडले. माझा जावई नितीन दुसऱ्या भागाच्या बाजूचा. गवत कसं वाऱ्याने हलतं, दिवा विझवला की अंधार कसा खरा वाटतो, हे तो जेवताना हातातला घास तसाच ठेवून सांगतो. व्याही पहिल्या भागाच्या बाजूचे. खेळणाऱ्यांच्या एका मोबाइल ग्रुपवर ते सर्वांत वडील सभासद आहेत. तिथली पोरं त्यांना काकाजी म्हणतात आणि त्यांच्या ‘इम्प्रेशन’ची वाट पाहतात. इम्प्रेशन म्हणजे व्याह्यांनी पाठवलेला आवाजी निरोप, जो साधारण एका कीर्तनाएवढा असतो. दुसरा भाग आल्यावर त्यांनी पहिलंच इम्प्रेशन दिलं ते असं: “पहिला भाग वाघाचा होता, दुसरा मांजराचा आहे. पण मी या मांजराच्या गावातून वाघावाणीच जाईन, अन् शेवटपर्यंत जाईन. पाहून घ्या.”

हे ते मोबाइल तोंडासमोर धरून बोलले असले तरी मोबाइलची गरज नव्हती. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ते तसंच ऐकू गेलं असतं. त्यांचं लहानपण उमरेडला वडिलांच्या हातमागाच्या खटखटीत गेलं, नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या घरघरीत झाली. हळू बोलण्याचा प्रसंगच आयुष्यात आला नाही. माझ्या मुलीला, रेवतीला, पाहायला आले तेव्हा त्यांनी “पोरगी पसंत आहे” हे आमच्या चाळीसकट सगळ्यांना एकदमच कळवलं होतं. माझं याच्या नेमकं उलट. मी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात गादीवर बसून माल दाखवतो. गिऱ्हाईक ठाण चोळून पाहत असताना मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी ते इतकं मन लावून शिकलो की दुकान बंद झाल्यावरही चेहरा उघडायचं राहून जातं.

लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी मला हुडकेश्वरचं बोलावणं असतं. मी दिवाणाच्या कडेला टेकायचं, व्याह्यांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढायची, आणि हेर बाहेर पडायचा. तो पडायचा तो थेट किल्ल्याच्या मुख्य दरवाजाने. छातीवर भाले रोखलेले पहारेकरी, मागे धनुष्यवाले, आणि मधून आमचा हेर तिकीट काढून आल्यासारखा चाललेला. अर्थातच तो मरायचा. व्याही पुन्हा सुरू करायचे आणि पुन्हा मुख्य दरवाजातून जायचे. बाजूच्या नाल्यातून वाट आहे, खेळच तसं सुचवतोय, असं एकदा नितीनने म्हटलं. त्यावर व्याही म्हणाले, “चोरावाणी काहून जायचं? कामाले आलो आपण.” हे त्यांचं ब्रीद होतं. याच ब्रीदावर ते वीज केंद्रात साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरायचे, असं विहीणबाई सांगतात.

त्यांच्या खेळण्यात नुसता आडमुठेपणा नव्हता, तत्त्वं होती. दुसऱ्या भागात जागोजागी मशाली आणि पणत्या असतात. त्या विझवायच्या आणि अंधाराचा फायदा घेऊन पुढे सरकायचं, ही त्या खेळाची मोठी गंमत. व्याह्यांनी आजवर एकही दिवा विझवलेला नाही. “आयुष्यभर उजेड केला मी. आता म्हातारपणी दिवे विझवत फिरू का जी?” असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी मान हलवून “बरोबर आहे” म्हटलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण एखादी मशाल वाऱ्याने विझलेली दिसली की ते हेराला तिथे नेऊन ती पेटवायला लावायचे. त्या उजेडात हेर लख्ख दिसायचा आणि बाण लागून पडायचा. पडता पडता निदान रस्त्यावर उजेड तरी झाला, याचं समाधान व्याह्यांच्या तोंडावर असायचं.

झोपलेल्या पहारेकऱ्यांचं प्रकरण याहून कठीण. खेळ बनवणाऱ्यांनी दया येऊन मधूनमधून एखादा पहारेकरी भिंतीला टेकून डुलक्या घेत ठेवलेला आहे, म्हणजे आपल्याला त्याच्या शेजारून निघून जाता यावं. व्याह्यांनी कित्येक वर्षं पाळीचे प्रमुख म्हणून काढलेली. कामावर झोपलेला माणूस त्यांना सहन होत नाही, मग तो शत्रूचा का असेना. हेराकडे खडे असतात, ते दूर फेकून पहारेकऱ्याचं लक्ष भलतीकडे वळवायचं असतं. व्याही तो खडा नेमका झोपलेल्याच्या शिरस्त्राणावर मारत. टण्ण असा आवाज होई, पहारेकरी दचकून उठे, आणि व्याही टीव्हीला म्हणत, “ड्यूटीवर झोपून राहिला?” पुढचं सांगायला नको. स्वयंपाकघरातून विहीणबाई विचारायच्या, मेले का. व्याही हो म्हणायचे. मग त्या म्हणायच्या, “आता जेवल्यावर मरा. गोळे थंड होऊन राहिले.” रविवारी त्यांच्याकडे गोळाभात असतो, भातात डाळीचे गोळे आणि वर लसणाच्या फोडणीचं तेल. तसा गोळाभात मी दुसरीकडे खाल्लेला नाही, हेही खरं आहे.

बाजारात रंगाऱ्यांची आळी आहे. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या लांबच लांब कापडांच्या आड हेराला लपता येतं. मला वाटलं, विणकराच्या मुलाला ही जागा तरी आवडेल. पण व्याह्यांनी हेराला त्या आळीत पाऊल टाकू दिलं नाही. ओल्या रंगाच्या कापडाला धुळीचे हात लावायचे म्हणजे काय, त्यांच्या वडिलांनी पाठीत चापट मारली असती. सबब हेर भर चौकातून, सैनिकांच्या तुकडीसमोरून गेला. त्या दिवशीचं इम्प्रेशन कापडावरच होतं: पोत चांगला दाखवलाय, पण वारा आला की जाड कापड असं पातळ कापडासारखं उडत नाही. ग्रुपवरच्या पोरांनी त्यावर हात जोडल्याची चित्रं पाठवली.

हे सगळं झालं की खुर्ची माझ्याकडे वळायची आणि प्रश्न यायचा: “इवाई, तुमचं इम्प्रेशन काय?” आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी दर वेळी सांगायचो की छान चाललंय, आज बरेच पुढे गेलात. घरात असं म्हणणारा मी एकटाच. नितीन हसायचा, रेवती तोंडावर ओढणी धरायची, विहीणबाई मरणं मोजायच्या. त्यामुळे व्याह्यांच्या मनात माझ्या मताला भलतंच वजन आलं. इवाई बोलते कमी पण खरं बोलते, असं ते चारचौघांत सांगू लागले. इथेच माझी पंचाईत झाली.

रेवतीला बंगळूरला नोकरी मिळाली. नितीनच्या कंपनीचंही तिथे ऑफिस आहे, त्याची बदली होण्यासारखी होती. दोघांचं ठरलं. दिवाळीनंतर निघायचं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं, आणि ते मी सांगावं असं दोघांचं म्हणणं पडलं. कारण काय, तर तुमचं ते ऐकतात. मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही हे एक, आणि दुसरं असं की ही सगळी सुरुवात माझ्यापासून झाली होती. त्या नोकरीची जाहिरात मी रेवतीला दाखवली होती. तुझं शिक्षण या घरात चहा गाळण्यात जाईल, अर्ज कर, असं मीच म्हटलं होतं. ज्या घराबद्दल हे म्हटलं त्याच घरात त्याच रविवारी मी दोनदा भात वाढून घेतला होता.

आणि नेमकं त्याच महिन्यात व्याह्यांनी घरावर मजला चढवायला घेतला. मुलाला आणि सुनेला स्वतंत्र खोली, मोठ्या खिडकीची, रेवतीला टेबल मांडायला कोपरा असलेली. सांगायचं म्हणून मी पहिल्या रविवारी गेलो, तर दारात विटांचा ढीग. आज नको, माणूस आनंदात आहे, म्हणून परत आलो. पुढच्या रविवारी हेर पाचर बसल्यासारखा एका चौकीवर अडकला होता आणि व्याही चिडलेले होते. आज नको, माणूस चिडलाय, म्हणून परत आलो. त्याच्या पुढच्या रविवारी भिंती माझ्या खांद्याला लागल्या. रोज संध्याकाळी रेवतीचा फोन यायचा, बाबा बोललात का. मी सांगायचो, त्यांचा किल्ला पार होऊ दे, मग मोकळ्या मनाने ऐकतील. मुख्य दरवाजाने तो किल्ला या जन्मी पार व्हायचा नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. भिंती पुऱ्या झाल्या, वर फळ्या ठोकून लोखंड बांधून झालं. मंगळवारी स्लॅब पडणार, सकाळी मजुरांना जेवण आहे, तुम्हीही या, असं व्याह्यांनी मला आग्रहाने सांगितलं. म्हणजे मला एकच रविवार उरला.

त्या रविवारी नितीन-रेवती मुद्दाम बाहेर गेले होते. व्याह्यांच्या अंगठ्याला विटा उचलताना ठेचलं होतं, पट्टी बांधली होती. त्यांना रिमोट धरवेना. खेळाच्या त्या यंत्राला ते रिमोटच म्हणतात. “आज तुम्ही खेळा जी, मी पाह्यतो,” असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि खुर्चीही दिली. मी त्याआधी ती वस्तू हातात धरली नव्हती. कुठलं बटण काय करतं ते त्यांनी ओरडून सांगितलं. मी हेराला मुख्य दरवाजाकडे नेलं नाही. बाजूच्या गवतात नेऊन खाली बसवलं, आणि बसून राहिलो.

गादीवर बसून आयुष्य गेलेल्या माणसाला वाट पाहणं जड जात नाही. पहारेकरी आले, गेले. एकाची पाठ वळली, मी चार हात सरकलो, पुन्हा बसलो. नाल्यातून गेलो. दिवे विझवत गेलो. झोपलेल्याला झोपू दिलं. रंगाऱ्यांच्या आळीत ओल्या कापडाला टेकून उभा राहिलो. व्याही आधी सूचना देत होते, मग थांबले, मग दिवाणावर पुढे सरकून बघू लागले. जी चौकी त्यांना महिनाभर ओलांडता आली नव्हती ती मी ओलांडली, आणि एकाही माणसाला मी दिसलो नाही. किल्ल्याच्या मागच्या दारापाशी पोचलो तेव्हा ते आनंदाने माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, “इवाई, तुम्ही तं मोठे पोचलेले निघाले. हे येते कसं तुमाले?”

त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं. त्या कौतुकाची मला इतकी लाज वाटली की बोलणं आपोआप तोंडातून निघालं. “सवय आहे जी,” मी म्हणालो. “दोन महिन्यांपासून तुमच्यापासून लपूनच राहिलो.”

आणि मग मी सांगितलं. पोरं बंगळूरला जाणार आहेत, दिवाळीनंतर. ठरलंय. वरची खोली त्यांच्यासाठी असेल तर मंगळवारचं थांबवा. हे सांगून थांबता आलं असतं, पण एकदा उघडलं ते मिटेना, म्हणून पुढचंही सांगितलं, की रेवतीला अर्ज मी करायला लावला, नितीनचा त्यात काही दोष नाही, आणि तुमच्या घराबद्दल मी तिच्याजवळ काय बोललो तेही.

मी ओरडण्याची वाट पाहत होतो. शेजारी कसे बाहेर येतील, कुठून पाहतील, हेही मनात येऊन गेलं. व्याह्यांनी माझ्या हातातून तो रिमोट काढून घेतला, ठेचलेल्या अंगठ्याने बटण दाबलं, हेराला मागच्या दारापासून उलटा आणला आणि गवतात खाली बसवला. आणि बसवूनच ठेवला. टीव्हीवर गवत हलत होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही. विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आवाज का बंद झाला म्हणून आल्या असाव्यात. काय करून राहिले, असं त्यांनी विचारलं.

“लपलो आहे,” व्याही म्हणाले. “जा वं तू जरा.”

त्या गेल्या. मग व्याह्यांनी मला विचारलं, हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं. मी म्हटलं, विटा उतरल्या तेव्हापासून.

“म्हणजे मी वर भिंती चढवून राहिलो होतो अन् तुम्ही खाली बसून मले छान चाललं म्हणत होते.”

ते उठले आणि शिडीने वर गेले. मी खाली बसून त्यांच्या चालण्याचा आवाज ऐकत होतो. फळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. आता हे नातं संपलं, आता रेवतीला या घरात माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागेल, असं मनात घोळत होतं. मी चपला पायात घातल्या तोच ते खाली आले. हाताला गंज लागलेला होता.

“स्लॅब मंगळवारीच पडन,” ते म्हणाले. “सणावाराले येतीन तं झोपतीन कुठी? अन् तुम्हाले सकाळी जेवायले बोलावलं आहे, ते तसंच आहे. या. पण आजपासून माह्या घरात मले खोटं छान म्हणायचं नाई.”

संध्याकाळी नितीनवर त्यांनी आवाज चढवलाच, त्यात कसर ठेवली नाही. पण तो जातोय म्हणून नाही. “आपल्या बापाले सांगायले सासरा पाठवते काय बे?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि हुडकेश्वरच्या त्या गल्लीत ज्याला ज्याला सासरा आहे त्याने त्याने ते ऐकलं. रेवतीला मात्र फक्त विचारलं, तिकडे घर उजेडाचं मिळतंय ना. ती रडायला लागली तेव्हा तेच गोंधळले आणि तिला खेळाच्या दुसऱ्या भागातली कुठली तरी अडचण सोडवून दे म्हणाले. पुढचे आठ-पंधरा दिवस बांधाबांधीत कोणाहीपेक्षा जास्त ते राबले. खोक्यांना दोऱ्या अशा आवळल्या की बंगळूरला त्या विळ्याने कापाव्या लागल्या.

पोरं गेल्यावर त्यांनी मला फरशी निवडायला नेलं. त्यांनी एक हिरवी, वर सोनेरी वेलबुट्टी असलेली फरशी पसंत केली आणि सवयीने माझ्याकडे वळले. मी म्हटलं, वाईट आहे. दुकानदार चपापला. व्याही फरशीकडे बघत राहिले, मग म्हणाले, किती वाईट. मी म्हटलं, फारच वाईट आहे, रेवतीला चक्कर येईल. मग मी दाखवलेली साधी फिकी फरशी घेतली. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, आता खेळाचंही खरं सांगा. मी सांगितलं की तुम्ही अतिशय वाईट खेळता. एवढा वाईट खेळणारा मी ऐकलासुद्धा नाही. ते इतके खूश झाले की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्या आठवड्याच्या इम्प्रेशनमध्ये त्यांनी ग्रुपला माझं मत शब्दशः कळवलं आणि वर सांगितलं, की तरीही मी मुख्य दरवाजानेच जाणार. अजून जातातच आहेत.

खोली आता पुरी झाली आहे. रंग झाला, दारं बसली, पंखा लागला. आम्ही रविवारी वरच बसतो, फरशीवर सतरंजी टाकून. परवा बसलो असताना रेवतीचा व्हिडिओ कॉल आला. व्याह्यांनी तिला सगळी खोली फिरवून दाखवली. पलंग कुठे येईल, टेबल कुठे, कपाट कुठे, आणि प्रत्येक जागी थांबून, तिथे काही नसताना, ते नीट समजावून सांगत होते. ती हो बाबा, हो बाबा करत होती. शेवटी म्हणाली, खिडकी परत दाखवा ना. त्यांनी फोन खिडकीशी नेला. बाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि गच्चीवर वाळत घातलेल्या दोन चादरी, एवढंच होतं. पलीकडून ती तेच बघत राहिली. व्याह्यांचा हात दुखत असणार. मी म्हटलं, द्या, मी धरतो. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि फोन तसाच धरून उभे राहिले.